बुवांची पेज

माझी शाळा लवकर सुटली, म्हणून शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

"मग मी लोकांना पक्षी कधी दाखवायचे, बुवा?" निरंजनने विचारलं.

भैरवगिरी बुवा चुलीपुढे बसून पेज ढवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पौषाचे दिवस होते. खाडीच्या तोंडाशी बुवांची मठी, आणि मठीच्या मागून पुळणीकडे, काठच्या वाळूकडे, जाणारी एकच पाऊलवाट. दर हिवाळ्यात थंड मुलखातले पक्षी त्या पुळणीवर येऊन राहत. ओहोटी लागून चिखल उघडा पडला की खाली उतरून किडे टिपत. भरती आली की वाळूवर अंग चोरून बसत. बुवांनी हो म्हटल्याशिवाय गावातलं माणूस त्या वाटेवर पाऊल टाकत नसे.

निरंजन तोडणकर शहरातून यायचा, बुवांकडे पक्षी पाहायला शिकायचा. आता त्याला वाटत होतं, आपलं शिकून झालं. उद्या सकाळी शहरातली मंडळी येणार होती. त्यानं तसा शब्द देऊन टाकला होता. बुवांचा होकार तेवढा राहिला होता.

बुवा पेज ढवळतच राहिले, तेव्हा त्यानं आपली विद्या सांगायला घेतली. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखतो, म्हणाला. पण चिखलात बसलेला चिखल्या नवख्या माणसाला दिसतच नाही. पक्षी आणि चिखल, दोघांचा रंग एक. म्हणून थवा उठवावा लागतो. आपण वाकून जवळ जातो, एकदम उभं राहून टाळी वाजवतो, की अख्खा थवा आभाळात. पंखांवरचा पांढरा पट्टा उघडला की कोण कोणता ते लगेच कळतं, आणि बघणाऱ्याचे डोळे निवतात.

"आज सकाळी उठवलास?"

"उठवला ना. खाली बसला की पुन्हा उठवला. तुम्ही पाहायला हवं होतं, बुवा."

"हं..."

बुवांनी वाडग्यात पेज वाढली, कडेला लोणच्याची फोड ठेवली आणि वाडगा त्याच्यापुढे सारला. निरंजन पहाटेपासून उपाशी होता. त्यानं घाईनं वाडगा उचलला.

"ऊठ," बुवा म्हणाले.

"आं?"

"त्या माडाला हात लावून ये."

गुरूंची काही गंमत असेल, असं समजून तो हसत गेला. माडाला हात लावून आला. बसला. वाडगा ओठांपर्यंत नेला.

"ऊठ."

पुन्हा गेला. पुन्हा आला. एक घोट कसाबसा घशाखाली उतरला.

"ऊठ."

हसू कधी गेलं ते त्याला कळलं नाही. ऊन चढलं, वाळू तापली, पाय ओढायला लागले. पेजेवर साय धरली. बुवांचा आवाज मात्र चढला नाही की उतरला नाही.

शेवटी तो माडापाशीच थांबला.

"मी काय दारात आलेलं कुत्रं आहे, बुवा?" तो तिथूनच ओरडला. "भरल्या ताटावरून कुणी उठवतं का?"

बुवांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

...

मग त्यांनी खुंटीवरची झोळी काढली, माडापाशी येऊन आत हात घातला आणि मुठीएवढं काहीतरी बाहेर काढून त्याच्यापुढे धरलं.

"ओळखतोस?"

"छोटा चिखल्या," निरंजनच्या तोंडून लगेच गेलं. "हिमालयापलीकडून येतो."

"नाव बरोबर आहे. हातात घे."

मेलेल्या पक्ष्याला वजनच नव्हतं. सगळी पिसंच. निरंजनचं बोट छातीवरून फिरलं आणि थबकलं. मांस असं नव्हतंच. उराचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं.

"कुत्र्यानं धरला असेल," तो म्हणाला.

"दात शोध."

त्यानं पक्षी उलटा केला. पंख पसरून पाहिले. आतला पांढरा पट्टा उघडला. दाताची खूण कुठेच नव्हती.

"भरतीच्या रेघेवर पडला होता," बुवा म्हणाले. "एकटा नव्हता."

...

निरंजन पक्षी मांडीवर घेऊन खाली बसला. मग त्यानं डोळे पुसले.

"समजलं, बुवा. आता टाळी नाही. उद्या मंडळींना लांबूनच दाखवतो. मीच त्यांना सगळं नीट समजावून सांगेन..."

"ऊठ," बुवा म्हणाले.

तो उठला आणि निघून गेला. पेज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडळी यायच्या आधी, निरंजन पाऊलवाटेच्या मधोमध जाऊन बसला. पुळणीकडे पाठ करून. दुर्बीण त्यानं आणलीच नव्हती.

मंडळी आली, कॅमेरे आणि चहाचे थर्मास घेऊन. त्यानं हात जोडून त्यांना परत जायला सांगितलं. म्होरके वर्तक आधी हसले.

"काय रे, एका रात्रीत मठाधिपती झालास?"

तो हसला नाही, तेव्हा ते चिडले. इतक्या लांब बोलावून तोंडघशी पाडलंस, म्हणाले. यापुढे तुझ्या शब्दावर कुणी उंबऱ्याबाहेर पडणार नाही, मी पडू देणार नाही.

"चुकलं माझं," एवढंच निरंजन म्हणाला. वाटेवरून मात्र हलला नाही.

शिव्या देत ती माणसं गेली.

मग बुवा आले. हातात वाडगा होता, त्यातून वाफ निघत होती. वाडगा खाली ठेवून ते शेजारी बसले. निरंजननं हात पुढे केला. बुवांनी वाडग्यावर आपला पंजा पालथा ठेवला.

दोघं बसून राहिले. वाफ निघायची थांबली.

भरती ओसरू लागली. वाऱ्यावर ओल्या चिखलाचा वास आला. पूर्वी थवा उतरताना सुक्या पाचोळ्यात वारा शिरल्यासारखा आवाज व्हायचा. आज पाठीमागे थोडेच पंख वाजले... आणि थांबले.

निरंजनची मान वळू पाहत होती. त्यानं वळू दिली नाही.

बुवांनी वाडग्यावरचा हात काढला.

"पंगत बसली," ते म्हणाले. "जेव."