शंभर खांबांची विणशाळा

फार पूर्वी, वाराणसीत ब्रह्मदत्त राजा सिंहासनावर असताना, बोधिसत्त्वाने एका विणकराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमक. यशोभद्र नावाच्या श्रेष्ठीच्या शंभर मागांवर त्याची देखरेख असे.

एका वर्षी नगरात साथ आली. श्रेष्ठीने घाबरून विणकरांना आपापले माग घरी न्यायला सांगितले. वरणा नदीच्या काठी त्यांच्या झोपड्या होत्या. तिथे भुईत खड्डा खणून, त्यात पाय सोडून ते विणू लागले. तीन वर्षे गेली. कापड इतके तलम निघू लागले की राजाने कन्येच्या विवाहासाठी त्याचीच मागणी केली.

साथ केव्हाच सरली होती, पण श्रेष्ठीच्या जिवाला चैन पडेना. आपली माणसे आपल्याला दिसत नाहीत म्हणजे ती झोपा काढत असणार, असे त्याने ठरवूनच टाकले. त्याने शंभर खांबांची विणशाळा बांधली. छत उंच, चारी बाजूंना गवाक्षे आणि वर स्वतःला बसायला सज्जा. सूर्योदयाला नगारा वाजेल आणि तेव्हा जो दारात नसेल त्याचा माग जाईल, अशी आज्ञा निघाली.

क्षेमकाने समजावून पाहिले. तलम सुताला ओल लागते, नदीकाठच्या भुईची ओल खड्ड्यातून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, मिळते, इथल्या वाऱ्यात ते टिकायचे नाही. श्रेष्ठी हसला. पुढे खरोखरच सूत तुटू लागले, तेव्हा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडे. दिवसभर सज्ज्यात बसून तो वाकलेली डोकी मोजत असे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सूत कुठून दिसणार?

त्या विणकरांत उत्पला नावाची एक बाई होती. साथीतून तिचा नवरा वाचला, पण कमरेखाली लुळा पडला. त्याला खाऊपिऊ घालून यायला तिला उशीर होई. विणशाळा सुरू झाल्याच्या दहाव्या दिवशी ते श्रेष्ठीच्या नजरेस आले आणि तो संतापला. त्याने क्षेमकाच्या हाती सुरी दिली आणि सर्वांदेखत हिचा ताणा कापायला सांगितले. इतरांना जरब बसेल, आणि तुला मी माझ्या साऱ्या पेढ्यांचा प्रमुख करीन, असेही म्हणाला. ताणा कापला की माग गेला आणि माग गेला की चूल विझली, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. उत्पला जागची उठली नाही. तिचे हात तेवढे थांबले.

बोधिसत्त्वाने सुरी श्रेष्ठीच्या पायाशी ठेवली. आवाज न चढवता तो म्हणाला, "श्रेष्ठी, हा ताणा मी कापणार नाही. आपण कापा. पण त्याआधी हिच्या शेजारी बसून एक हात कापड विणलेलं पाहा. इथे एक हात, हिच्या घरी एक हात. हिचा आळस दिसला, तर माझाही माग काढून घ्या, आणि वर माझं घरही."

एवढ्या लोकांपुढे श्रेष्ठीला मागे हटवेना. तो प्रथमच सज्ज्यातून खाली उतरला. एका हातभर कापडात सूत एकोणीस वेळा तुटले आणि एकोणीस वेळा उत्पलाने बोट ओले करून ते जोडले.

दुसऱ्या दिवशी तिचा माग घरच्या खड्ड्यावर मांडला. ठेंगण्या दारातून आत जाताना श्रेष्ठीला कमरेत वाकावे लागले. कोपऱ्यात चटईवर तिचा नवरा पडल्यापडल्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत होता आणि तिच्या हातात देत होता. सूत एकदाही तुटले नाही.

"हे कधीपासून करतोस?" श्रेष्ठीने विचारले.

"साथीपासून," तो म्हणाला. "एवढंच होतं माझ्याकडून."

श्रेष्ठीला लाज वाटली. एकीला उशीर होतो म्हणून तो रागावत होता, आणि तीन वर्षे त्याच्यासाठी त्या घरात दोघे राबत होते.

"क्षेमका," तो म्हणाला, "सगळ्यांचे माग घरी पोचव. आणि या घराला यापुढे दोघांची मजुरी."

राजकन्येचे वस्त्र वेळेवर गेले. विणशाळेत पारव्यांनी घरटी केली. श्रेष्ठीला डोकी मोजायची हुक्की आलीच, तर तिथे ती भरपूर होती.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात सांगितली. तिथे एक स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, आजारी भिक्षूंनाही उठवून धर्मसभेत बसवीत असे आणि संख्या पूर्ण भरली की खूश होई. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो श्रेष्ठी म्हणजे हा स्थविर. उत्पला आणि तिचा नवरा म्हणजे आज अंगात ताप असताना इथे आणलेले हे दोघे. आणि क्षेमक म्हणजे मीच होतो."

स्थविर उठला. त्याने त्या दोघांना हात धरून उठवले आणि त्यांच्या कुटीत नेऊन निजवले. क्षेमकाच्या त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेली ती मैत्रीची पारमिता, बुद्धत्वाकडे नेणाऱ्या दहा गुणांपैकी एक.