सर्वांना मान्य निरोप

नद्या झोपेत बोलायच्या, त्या काळची गोष्ट. धुक्यात बुडालेल्या एका तळ्यात बेडूक, खेकडे आणि मासे राहत होते. एके सकाळी पलीकडची नदी पेंगुळल्या आवाजात म्हणाली, "मी तिकडं यायचं म्हणतेय."

तळं हादरलं. नदी आली की तळं कसलं उरतंय! निरोप ठरला: "नदीबाई, आमच्याकडे येऊ नकोस." तो न्यायचा होता खंड्या पक्ष्याला. पण तळ्याचा रिवाज असा, की सगळ्यांना पटेल तेवढंच बोलायचं.

"बाई कशाला म्हणायचं तिला?" बेडूक फुगला. 'नदीबाई' गेलं.

"आमच्याकडे म्हणजे? माझं बीळ काय बेडकांच्या मालकीचं?" खेकड्यानं नांगी आपटली. 'आमच्याकडे' गेलं.

"'नकोस' फार तोडून बोलल्यासारखं वाटतं हो," मासळी म्हणाली. "माझं माहेर आहे नदीत." 'नकोस'ही गेलं.

उरलेला शब्द चोचीत धरून खंड्या धुक्यातून उडाला. इतका हलका निरोप त्यानं कधी नेला नव्हता.

"येऊ," तो नदीला म्हणाला.

"तुम्हीच येताय होय?" नदी हसली.

खरं काय ते खंड्याच्या अगदी चोचीत आलं होतं. पण ते सर्वांना मान्य नव्हतं. त्यानं ते गिळून टाकलं.

"मग या की!" म्हणत नदीनं कूस बदलली, आणि मधला बांध साखरेसारखा विरघळला.

सगळे संथपणे समुद्राकडे वाहू लागले. वरून उडणाऱ्या खंड्याला बेडूक ओरडला, "अरे, तिला सांग, आम्हाला सोड!"

"'आम्हाला' म्हणजे कुणाला?" खेकड्यानं विचारलं.