हायका, बाहेर ये

एकदा आर्मेनियाच्या डोंगराळ मुलुखातील मठात एक वृद्ध धर्मगुरू होते. घरचे नाव हायक, दीक्षेनंतर मिळालेले नाव मेस्रोप. तिथली रीत अशी की, दीक्षा घेणारा लोकांसमोर गुडघे टेकतो. ‘हा योग्य आहे का?’ असे लोकांना विचारले जाते. त्यांनी ‘योग्य आहे’ म्हटल्यावरच त्याला नवे नाव मिळते. पुढे नाव तेवढे सर्वांच्या लक्षात राहते आणि प्रश्न विस्मरणात जातो. आपल्याकडे काही निराळे घडत नाही.

मठाची पाणचक्की गुरूंनी आपल्या पुतण्याच्या हाती दिली होती. तो सोयऱ्यांचे धान्य आधी दळून देई आणि इतरांना तिष्ठत ठेवी. अखेर एका रविवारी गाव मठाच्या दारात जमले. रोट्या भाजणारी म्हातारी शुशान सर्वांत पुढे होती.

“हायका, बाहेर ये रे,” ती म्हणाली.

शिष्य वाहानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची स्वतःची दीक्षा आठवड्यावर आली होती. त्याने दार लावून घेतले.

“गुरुवर्य, जे नाव आपण केव्हाच मागे टाकलं, त्या नावानं ही बाई हाक मारते. आज खपवून घेतलं, तर उद्या गादी जाईल.”

“जायचीच असेल तर बंद दाराआडूनही जाईल. उघड ते.”

गुरू बाहेर आले. आपली टोकदार काळी टोपी त्यांनी वाहानच्या हाती दिली आणि दगडी पायरीवर सर्वांसमोर गुडघे टेकले.

“हायकविषयी विचार त्यांना,” ते म्हणाले.

लोक ‘नाही’ म्हणाले, तर या वयात गुरूंना मठ सोडावा लागणार होता. तरी वाहानने विचारले, “हायक योग्य आहे का?”

मग शुशान म्हणाली, “आधी चक्कीचं सांग.”

“पुतण्याला मी नेमलं. तक्रारी कानावर आल्या, मी कानाडोळा केला. चक्की कोणी चालवायची ते आता तुम्ही ठरवा. मी राहायचं की नाही, तेही.”

म्हातारी म्हणाली, “मेस्रोप योग्य आहे का, ते आमचं पीठ घरी आलं की सांगू. तोवर राहा. आणि ऊठ आता हायका, गुडघे दुखत असतील.”

लोक हसत पांगले. वाहान मात्र टोपी हातात धरून तसाच उभा होता.

गुरू म्हणाले, “बाळ, नवं नाव मला यांच्या होकारानं मिळालं. होकार देणाऱ्याचा विचारण्याचा हक्क त्याच दिवशी संपत नाही. नावाआड लपणाऱ्याला प्रश्न अपमानासारखा वाटतो. आणि ती मला जुन्या नावानं हाक मारते, म्हणजे अजून मला आपला समजते.”

आठवड्याने वाहानने गुडघे टेकले. गुरू प्रश्न विचारणार, तोच तो हळूच म्हणाला, “जरा थांबा. शुशानआजी अजून आलेल्या नाहीत.”