भिंगरीचा खुराक

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कासार आणि कासारीण राहत. लेकी सासरी गेल्या, तसं घर खायला उठलं. म्हणून कासाराने दोन शेळ्या आणल्या, भिंगरी आणि तांबू.

त्यांचं दूध विकायचं नव्हतं की त्यांना बाजारात न्यायचं नव्हतं. नुसते लाड करायचे. सकाळी ज्वारीचा भरडा, दुपारी गूळ-भाकरी, संध्याकाळी भिजवलेले हरभरे. दोन वर्षांत दोघी अशा फुगल्या, की अंगण ओलांडताना धाप लागे. भिंगरी तर पाय दुखतात म्हणून गुडघे टेकून खाई.

कासारणीने एका म्हाताऱ्या धनगरणीला बोलावलं. तिने भिंगरीची कूस चाचपली, पण बोटांना बरगडी लागेना. खूर दाबताच शेळी कळवळली.

"पाला खाणारी जात ही. एवढं धान्य तिला सोसत नाही, खुरांत उतरलंय," म्हातारी म्हणाली. "भरडा आणि हरभरे रोज मूठमूठ कमी करा, एकदम उपाशी मारू नका. गूळ-भाकरी मात्र आजपासून बंद. बोरी-बाभळीचा पाला आणि वाळलं गवत पोटभर घाला."

"आणि ओरडल्या तर?" कासाराने विचारलं.

"ओरडतील. रुसतीलही. तेवढं सोसा."

कासारणीने म्हातारीचा शब्द पाळला. शेळ्या दिवसभर ओरडत आणि ती जवळ गेली की पाठ फिरवत. कासार फेरीवरून परतला, की मात्र दोघी लंगडत त्याच्याकडे येत. कारण बांगड्यांच्या पेटाऱ्यात त्याने भाकरी लपवलेली असे. गोठ्यामागे जाऊन तो ती चारायचा. 'एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?' असं स्वतःला समजवायचा. त्या हात चाटत, तेव्हा त्याला लेकी माहेरी आल्यासारखं वाटे.

महिना झाला आणि एका सकाळी भिंगरी उठेचना. कासारीण तिच्यापाशी बसून रडत होती.

"माझंच काहीतरी चुकतंय हो. मोजून घालते तरी उतार नाही. आता पालाही निम्माच घालते."

कासार गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. पण डोळे पुसत ती पाल्याची पेंढी मागे ओढू लागली, तेव्हा त्याला राहवेना.

"राहू दे ती पेंढी. चूक तुझी नाही गं. मीच चोरून भाकरी घालत होतो."

"रोज?"

"रोज. कधीकधी गूळही."

"म्हणजे तुम्ही लाडके, आणि मी वैरीण!" एवढं बोलून ती आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

कासाराने धनगरणीकडून भिंगरीचे खूर तासून घेतले. फेरीवरून येताना तो पाला तोडून आणू लागला. भिंगरी त्याचा हात हुंगायची, काही मिळेना म्हणून फुरफुरत दूर जायची. तरी त्याने हात रिकामाच ठेवला.

दोन महिन्यांनी ती विनासायास उठू लागली. मग नवराबायको दोघींना रोज थोडं थोडं डोंगरावर नेऊ लागले. एके दिवशी भिंगरीने टुणकन खडकावर उडी मारली, बोरीच्या खोडाला पुढचे पाय टेकले आणि वरचा कोवळा पाला ओरबाडू लागली. तांबूही मागोमाग पोहोचली.

"अहो, बघितलंत का!" कासारीण हरखून म्हणाली.

भिंगरीने एकदाही वळून कासाराच्या हाताकडे पाहिलं नाही. आणि कासाराला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

तात्पर्य इतकंच: ज्याच्यावर खरी माया आहे, त्याचं भलं करताना त्याचा रुसवाही सोसता आला पाहिजे.