मातीचं गाव आणि झेंडूचा सूर्य

फार पूर्वी, डोंगरातल्या एका मोठ्या तळ्याखाली एक गाव होतं. तळ्याचा बांध जुना, मातीचा. तो कधी फुटेल याचा नेम नव्हता. म्हणून वाडवडिलांनी पोथीत लिहून ठेवलं होतं, "बांध फुटला तर उगवता सूर्य तोंडावर घ्या, ओढा डाव्या हाताला ठेवा आणि टेकडी गाठा."

शाळेत सगळ्या मुलांना ही पोथी तोंडपाठ असे. दसऱ्याला कोण भराभर म्हणतं याची चढाओढ लागे. पाटलांनी तर लहानपणी ती एका दमात म्हटली होती.

कुंभाराच्या मुलीला मात्र ती पाठ होत नसे. पाळी आली की तिचे हातपाय गार पडत. एकदा गुरुजी तिला हळूच म्हणाले, "बाळ, म्हणू नकोस. वाच, आणि वाचशील ते मातीचं करून दाखव."

तिने शाळेच्या अंगणात अख्खं गाव मांडलं. तळं, ओढा, दोन टेकड्या: एक देवळाची, एक बोडकी. झेंडूच्या फुलाचा सूर्य केला. मग एकेक ओळ वाचत मातीची बाहुली पुढे सरकवली. बाहुली देवळाच्या टेकडीकडे पाठ करून पलीकडच्या बोडक्या टेकडीवर पोचली.

बांध फुटला तर देवळाच्या टेकडीवर पळायचं, हे तर गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"गुरुजी, माझं चुकलं का?"

"पुन्हा वाच."

तिने तीनदा वाचलं. बाहुली तिथेच पोचली. गुरुजींनी मातीच्या तळ्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि बांधाला बोटाने भोक पाडलं. देवळाची टेकडी विरघळून गेली, बोडकी तशीच राहिली. वीस वर्षं पोथी शिकवणाऱ्या गुरुजींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

दोघं पाटलांकडे गेली आणि पोथीतली टेकडी दुसरीच आहे, हे सांगितलं. पाटील हसले. "पोरी, साठ वर्षं पाठ आहे मला पोथी. तू आपली मडकी कर."

पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी डोंगर घुमला. बांधाला भगदाड पडलं होतं. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे देवळाच्या टेकडीकडे धावले. मुलगी वाटेत पाटलांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, पोथी म्हणा. पण सावकाश."

"बाजूला हो, पोरी."

"एकच ओळ म्हणा."

पाटील धापा टाकत म्हणाले, "उगवता... सूर्य... तोंडावर..." आणि थबकले. ढगांतून ऊन पडलं होतं, आणि ते त्यांच्या पाठीला लागत होतं.

"मागे फिरा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सगळे मागे फिरा."

शेवटची म्हातारी बोडक्या टेकडीवर चढली आणि खाली पाणी आलं. देऊळ गेलं, टेकडी बुडाली. लोक एकमेकांना धरून बघत राहिले.

त्या दसऱ्याला चढाओढ झाली नाही. नव्याने उभारलेल्या शाळेच्या अंगणात मुलं चिखल तुडवत होती, आणि त्यांच्यात पाटीलही बसले होते. वाचत वाचत, एकेक ओळ, मातीची बाहुली पुढे सरकवत.

तात्पर्य: तोंडाने म्हटलेलं ओठांवर राहतं, हातांनी घडवून वाचलेलं वेळेला वाट दाखवतं.