सांभाळणाऱ्याची परीक्षा

मालवणच्या अंबूताई केळुसकर ऐंशी वर्षांच्या, घरात अगदी एकट्या. आत्याचं डोकं चालत नाही असा दाखला मिळवायचा आणि तिच्या घराचा कारभार हाती घ्यायचा, या बेताने त्यांचा वकील भाचा श्रीरंग त्यांना गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन आला.

"आजी, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

अंबूताईंना आठवेना.

"बघा! हिला सांभाळायला मीच हवा," श्रीरंग म्हणाला.

"डॉक्टर, दारात कुणी येतच नाही, मग सोमवार काय नि शनिवार काय!" अंबूताई शांतपणे म्हणाल्या. "पण माझी परीक्षा घेतलीत, तशी सांभाळणाऱ्याचीही घ्या. मला कुठल्या कानाने ऐकू येत नाही, विचारा त्याला."

श्रीरंग गडबडला. "उजव्या."

"तो चांगला आहे रे. येताना गाडीत तू फोनवर 'महिनाभरात घर विकतो' म्हणालास, ते त्याच कानाने ऐकलं मी."

डॉक्टरांनी दाखल्याचा कोरा कागद खणात ठेवून दिला.

अंबूताई एकट्याच रिक्षाने घरी आल्या. श्रीरंगची कशी जिरवली, हे सांगायला घरात कुणीच नव्हतं. कुलूप उघडता उघडता त्यांनी ते स्वतःलाच सांगितलं.