गळक्या बांधावरचं शिबिर

माणसांनी अजून सभा भरवायला सुरुवात केली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याकाठी एक विद्वान म्हातारं कासव राहत असे. काठावरच्या पिल्लांना नेतृत्व शिकवायला त्यानं शिबिर भरवलं. आपल्याला हे जमेल का, या धास्तीनं त्यानं भाषण अकरा वेळा पाठ केलं होतं.

शिबिर सुरू होतंय तोच टिटवीची पोर ओरडली, "अहो आजोबा, बांधाला भोकं पडलीत! पाणी गेलं तर उन्हाळ्यात प्यायचं काय?"

"बस गं. आधी अध्यक्ष निवडू, मग बांधाचा विषय घेऊ," कासव म्हणालं आणि डोळे मिटून प्रास्ताविक करू लागलं.

डोळे उघडले तर समोर कुणीच नव्हतं. पिल्लं बांधावर चिखल थापत होती.

कासव धापा टाकत तिथं पोचलं. "तुमचा नेता कोण?"

"ते ठरवायचं राहिलंच, आजोबा," टिटवीची पोर म्हणाली. "पण हे शेवटचं भोक बुजत नाही. तुमची पाठ बरोब्बर बसेल. फक्त बोलू नका, हललात की पाणी येतं."

कासव मुकाट्यानं भोकात बसलं. चिखल वाळेपर्यंत ते हललं नाही. आपलं सर्वांत उत्तम सत्र हेच झालं, हे त्यानं मनातल्या मनात कबूल केलं.